गोमादादाचं गाणं आणि साहेबाची हॅट

रुळाखाली खडी टाकावी लागते. किस्से मात्र आपोआप जमतात. बारा माणसं रोज एकाच लायनीवर राबत असली की काहीतरी घडतंच, आणि संध्याकाळी मी ते वहीत उतरवून ठेवतो. शाळेत कधी गेलो नाही. अक्षरं शिकलो ती स्टेशनच्या पाट्यांवरून आणि पार्सलांच्या चिठ्ठ्यांवरून. तेवढ्यावर गँगेतले लोक मला मास्तर म्हणायचे. खरं काम लाल बावटा धरायचं. पुढची पानं रूस-जपान लढाईच्या वेळची, कर्जत ते पळसदरीच्या लायनीवरची.

*

रूळ उचलायला दहा जण. अकरावा मी. बारावा दहिवलीचा गोमादादा, सगळ्यांत म्हातारा. तो रुळाला हात लावत नसे. बाजूला उभा राहून एकेक ओळ म्हणायचा आणि ओळीच्या शेवटी दहा जण 'हैय्या' करून एकदम जोर लावायचे. गाणं रोज नवं, जे दिसेल त्याच्यावर.

विलायतेहून नवा साहेब आला. उन्हाची सवय नाही, नाक लालभडक. गोमादादानं त्याच्या तोंडावरच सुरू केलं:

साहेबाचं नाक — हैय्या
पिकलं तोंडलं — हैय्या
पोपट बघतोय — हैय्या
चोच मारतोय — हैय्या

रूळ फुलासारखा उचलला गेला. साहेब खूश झाला आणि मला गाण्याचा अर्थ विचारू लागला. मी म्हटलं, "प्रेअर, सर."

साहेबानं लगेच हॅट काढली आणि गाणं संपेपर्यंत उन्हात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत तोंडलं आणखी पिकलं होतं.

*

साहेबाचा पाव ज्या मराठी पेपरात गुंडाळून यायचा तो पेपर त्याचा खानसामा आम्हाला द्यायचा. दुपारी आंब्याखाली मी तो वाचायचो. लढाईची बातमी आली की गँगेत दोन पक्ष पडत: नऊ जण जपानचे आणि खालापूरकडचा पांडू एकटा रूसचा.

का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सगळे जपानकडं गेले. त्या रूसचं कोनीतरी नको का रं?"

ज्याचा पक्ष हरेल त्यानं विहिरीवरून पाणी आणायचं, असं ठरलं होतं. चार महिने पांडूच पाणी आणत होता. शेवटी माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "मास्तर, रूसला कायतरी लिहून कळवा. माझे खांदे गेले."

*

एकदा वाचलं, की रूसचं सैन्य हजारो कोस आगगाडीनं लढाईवर जातं, वाटेत गुडघाभर बर्फ. गोमादादानं विडी बाजूला ठेवली.

"त्या बर्फात रूळ कोन बदलतं?"

मी सगळा पेपर उलटून पाहिला. सेनापतींची नावं होती, घोड्यांची संख्या होती, रूळवाल्यांचं काही नव्हतं.

"मंग अर्धीच लढाई छापलीय," गोमादादा म्हणाला. "बाकीची कधी येतीय बघा."

*

पुढं बातमी आली, की रूसमधल्या कामकऱ्यांनी तिथल्या राजाविरुद्ध हात थांबवले, गिरण्या बंद, गाड्याही बंद. पांडूची छाती फुगली. त्याचा पक्ष पहिल्यांदाच कुणावर तरी वरचढ होत होता. म्हणाला, आपणही एकदा हात सोडून बघू या.

गोमादादा म्हणाला, "आधी रूळ खाली ठेवायचा, मंग हात सोडायचा. नायतर राजा र्‍हातो बाजूला, आपलाच पाय जातो."

या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

*

माझं 'प्रेअर' गोमादादाच्याच अंगाशी आलं. साहेबानं कित्येक महिने विचार केला आणि हुकूम काढला: प्रार्थना चांगली, पण ती रविवारी, कंपनीनं देवाच्या माणसाला पगार का द्यावा? सोमवारपासून गोमादादा कमी. लायनीकडेची झोपडीही सोडायची. तिथं त्याची आंधळी बायको आणि दोन शेळ्या.

हुकूम मलाच वाचून दाखवावा लागला. वाचताना मान वर होईना. गोमादादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी देवाचं नाव घेतलंत, मी कुनाला बोलू?"

तो पुढं सात वर्षं आमच्यातच होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं निवांत ऐकाल.

*

सोमवारी तडा गेलेला रूळ बदलायचा होता आणि पुण्याची मेल यायची होती. गोमादादा आंब्याखाली शेळ्या धरून बसला. साहेब स्वतः मोजू लागला, "वन, टू, थ्री." कुणी वनला उचललं, कुणी थ्रीला, पांडूनं तर सगळं संपल्यावर. रुळाचं एक टोक वर, दुसरं जमिनीवर. साहेब ओरडून मोजू लागला. माणसं घामानं निथळत होती, पण रूळ जागचा हलेना.

"साहेब, आमी उचलतोय," पांडू म्हणाला. "त्योच उठत नाय."

मेलची शिट्टी ऐकली तसा मी बावटा घेऊन पुढं पळालो आणि गाडी थांबवली. पहिल्या वर्गातून मोठा साहेब उतरला. वीस वर्षं घाटात काढलेला, मराठी आपल्यासारखं बोलणारा. मी त्याच्यामागं चालत आलो.

तोवर धाकटा साहेब आंब्याखाली जाऊन गोमादादाला हाताला धरून घेऊन आला होता. मोठ्या साहेबानं विचारलं, हा माणूस काय काम करतो? धाकटा म्हणाला, प्रार्थना म्हणतो, त्याशिवाय रूळ उठत नाही. आणि त्यानं हॅट काढून छातीशी धरली.

मी गोमादादाला डोळ्यांनी खुणावलं, आज दुसरं काहीतरी म्हण. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मोठ्या साहेबाकडं पाहिलं, घसा साफ केला आणि तेच सुरू केलं. साहेबाचं नाक. पिकलं तोंडलं. पोपट, चोच, सगळं. दहा जणांनी डोळे मिटून हैय्या केलं. रूळ उठला आणि जागेवर बसला.

मोठ्या साहेबानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग वळून धाकट्याच्या नाकाकडं नीट पाहिलं, आणि सावकाश आपलीही हॅट काढली.