विमानाच्या कडा

विनायक गेल्याचं कळलं तेव्हा मी पालेगावात, लेकीच्या नव्या फ्लॅटमध्ये सुताराच्या डोक्यावर बसलो होतो. शैलावहिनींचा फोन. "भाऊजी, हे गेले…" एवढंच बोलल्या. आता दीडेक महिना झाला. खरं सांगायचं तर मला अजून त्याचा राग येतो. विमान अर्धवट टाकून कुणी जातं का?

हो, विमानच. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी बरोबर नोकरी केली. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. या गृहस्थाने बदलापूर गावातल्या घराच्या पडवीत दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. मी जावं तेव्हा उडण्यासारखं काही दिसायचं नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा कापायचा, भोकं पाडायची आणि मग दिवसचे दिवस कडा घासत बसायचं. "अरे, ही पंखाच्या पोटातली फासळी. कोण बघणार आहे?" मी चिडवायचो. हातातली कानस न थांबवता तो म्हणायचा, "कुणी नाही रे. पण कडेला एक ओरखडा राहिला ना, की तिथूनच चीर जाते. आभाळात गॅरेज नसतं."

पुढे मधुमेहाने त्याच्या बोटांची जाणीव गेली. कड गुळगुळीत झाली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतं. तो पडवीकडे फिरकेनासा झाला. मला वाटलं, संपलं… मग एका दुपारी वहिनी कणकेचे हात धुऊन, त्याला हाताला धरून पडवीत घेऊन गेल्या. तो घासायचा, त्या कडेवरून बोट फिरवायच्या. "लागतंय." पुन्हा कानस. "अजून लागतंय." आणि कधीतरी, "नाही लागत." तेव्हाच तो तुकडा बाजूला ठेवायचा. जन्मभर कुणाचं न ऐकलेला माणूस तो. त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परवा गेलो होतो. नाशिकचा एक हौशी माणूस हे विमान पूर्ण करणार आहे. "ही शेवटची फासळी. एवढी झाली की ते येऊन सगळं नेतील," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. मी घासली. त्यांनी बोट फिरवलं. "लागतंय, भाऊजी." पुन्हा घासली. "अजून लागतंय." शेवटी मी स्वतःच बोट फिरवून पाहिलं. कुठेही काही लागत नव्हतं.

वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. "थोडं राहिलंय अजून…" त्या म्हणाल्या.

मी "हो" म्हणालो, आणि कानस पत्र्याला जेमतेम टेकवून फिरवत राहिलो.