एका हाताचा पाट

फळी घासून झाली की काकू तिच्यावरून जुन्या नायलॉन साडीचा तुकडा फिरवायच्या. धागा अडकला की म्हणायच्या, "बघ, अजून चावतंय," आणि पुन्हा घासायला बसायच्या.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी झालेली. सुतारकाम निवृत्तीनंतर शिकल्या. त्यांचं पहिलं स्टूल वॉचमन अजून वापरतो, पण भिंतीला टेकवूनच. "ते पहिलटकरणीचं आहे, सांभाळून घ्या," असं त्या हसून सांगत. तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेलच.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जमिनीवरून उठता येईना. पण टेबलाला ठाम नकार. "घरात जेवायला खुर्ची? मी काय हॉटेलात आलोय?" मग ते पाटावर बसत आणि मी बगलेत हात घालून त्यांना उठवी. ऑफिसची घाई माझ्या हातांत उतरायची. त्यांना ती जाणवत असणार. हळूहळू ते दिवसातून एकदाच जेवू लागले. भूक मेली नव्हती, त्यांना माझ्याकडून उचलून घेणं नको होतं. हे कळायला मला फार वेळ लागला.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाट घेऊन ये. आणि आप्पांनाही."

पाट सागवानी, बसून बसून मधे झिजलेला. मी म्हटलं, "काकू, चार पाय स्क्रूने मारा ना, पटकन होईल."

"पटकन हवं तर प्लास्टिकचं आण रे. स्क्रू ढिला झाला तर आपटतील ते."

त्यांनी पाटाखाली चौकट केली. पायांच्या टोकांना कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, चौकटीला खाचा, एकात एक घट्ट. गोंद लावण्याआधी आप्पांना वर बसवलं. "उठा बघू." मी पुढे झालो तर खेकसल्या, "तू लांब हो!" आप्पा कसे उठतात ते त्या वाकून बघत राहिल्या. सगळा जोर डाव्या हातावर. म्हणून टेकायचा हात फक्त डाव्या बाजूला बसवला. उजवा जेवायला मोकळा. पायांना लाखेचं पॉलिश दिलं, बैठकीला नुसतं जवसाचं तेल. "इथे गुळगुळीत नको, घसरतील."

"ही खुर्चीच झाली," आप्पा कुरकुरले.

"पाटच आहे हो. तुम्हाला खाली जाता येत नाही, म्हणून तो वर आला."

पाट घरी आला त्या दिवशी आप्पा दोन्ही वेळा पोटभर जेवले. रात्री भात पुन्हा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पुढे काकू वारल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला पाट खाली त्यांच्या घरी न्यायला लावला. सगळे सतरंजीवर, आप्पा पाटावर. निघताना काकूंच्या भावाने आधाराला हात पुढे केला.

"नको," आप्पा म्हणाले. डाव्या हातावर जोर देऊन सावकाश उभे राहिले. मग काकूंच्या फोटोसमोर, कुणालाही न धरता, त्यांनी दोन्ही हात जोडले.