आधी नर बघा

यांना पुण्यात कंपनीत काम लागलं. निघायच्या दिवशी पाटोद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा थोरल्या दिरांनी सगळ्यांदेखत यांच्या पाठीत थाप मारली. "पुन्याला तरी बार उडव बे, का तितं बी फुसकाच?" माणसं खदखदा हसली. आमचे हेही हसले. सासूबाई मला म्हणाल्या, "पोरासाठी बोललेला लिंबागणेशाचा नवस इसरू नको. न्हाईतर दुसरी बघावी लागंल त्याला." चेष्टा यांची आणि हाकलायचं मला, बघा कसा न्याय. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेय मी. कळप गाभण राहिला नाही की आमचे आबा म्हणायचे, "आधी नर बघा." मेंढ्यांना कुणी नावं ठेवत नसे, आबा सरळ दुसऱ्याचा नर मागून आणायचे. सासरीही हाच धंदा, हीच रीत. माणसाची गोष्ट आली की मात्र ह्या शहाण्यांची अक्कल कुठं चरायला जाते कुणास ठाऊक.

पुण्यात माझे सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मिस्टरांची तपासणी करू. मिस्टर टाळायला लागले. कंपनीत ओव्हरटाइम, सुट्टी नाही, एक ना दोन. शेवटी मी कडाडून भांडले, तर खाली मान घालून म्हणाले, "गावात कळलं तर खच्ची केलेला मेंढा म्हनतील मला."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं भीतीनं हसत होता. मला रागही आला आणि कीवही आली. आबांचं बोलणं त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासोबत दवाखान्यात आले. दोष त्यांच्यात निघाला.

दिवाळीच्या तोंडावर दिरांचा फोन आला. स्पीकर दोन्हीकडं चालू होता, त्यांच्या मागं पारावरच्यांचा कालवा. "काय बे, पोरगं कवा? का बायकूच बदलायची?" हे हसले नाहीत.

"दादा, तपासलंय मी. खोट माझ्यात हाय, तिच्यात न्हाई. बायकू बदलायचं पुन्यांदा बोलू नगा."

पलीकडंही कुणी हसलं नाही. फोन बंद झाला.

औषधं चालू आहेत, गुण येईल तेव्हा येईल. दिरांचा फोन त्यानंतर आला नाही. सासूबाईंचा येतो, नवसाचं काढत नाहीत. बायांनो, गावाची आठवण लई येते, मेंढरांच्या वासासकट. पण ह्या माणसाला जिथं उगाच हसावं लागत नाही, ते माझं घर.