एकशे दहा मीटर

अमरावतीत राजापेठेत मी फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. अंतर, वेग, प्रकाश हेच माझं रोजचं दळण. तेल्हाऱ्याच्या शेतातल्या रानडुकरांचा बंदोबस्त अंतर मोजणाऱ्या एखाद्या यंत्राने होईल असं मला वाटलं, यात नवल नाही. पण त्या यंत्राने मला पंधरा दिवस जेवढं छळलं, तेवढं डुकरांनीही छळलं नव्हतं.

शेत काकांचं आणि माझं सामाईक. पीकसंरक्षणाचा परवाना आणि रायफल मात्र काकांच्या नावावर. हरभरा घाट्यावर आला की डुकरं कळपाने उतरायची, आणि सकाळी शेत नांगरून ठेवल्यासारखं दिसायचं. यंदा वनखात्याने पंधरा दिवसांची परवानगी दिली. फक्त रानडुकरासाठी, आणि गोळी परवानेदारानेच झाडायची या अटीवर. म्हणजे ज्याला दिसतं त्याने झाडायची नाही, आणि ज्याने झाडायची त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. काकांना मोतीबिंदू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त काका कबूल करत नव्हते.

मी मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघितले होते. दरीच्या या अंगाला माणूस, त्या अंगाला हरीण. बटण दाबलं की दुर्बिणीत अंतराचा आकडा उमटतो, मग सावकाश नेम. ना धावपळ, ना आरडाओरडा. तसली लेझरची दुर्बीण मी अकोल्याच्या एका ओळखीच्या नेमबाजाकडून मिळवली, रायफलीवर बसवून घेतली आणि मोठ्या ऐटीत काकांसोबत मचाणावर चढलो. ठरलं असं, की आकडा मी बघायचा आणि चाप काकांनी ओढायचा.

"अंतर मोजाले मशीन काहून पायजे?" काका म्हणाले. "तासं मोज ना."

तास म्हणजे पेरणीची ओळ. आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमध्ये चार फूट अंतर असतं, आणि काका सगळ्या शिवाराचं माप त्यातच सांगतात. विहीर वीस तासं, बाभूळ साठ, पलीकडचा धुरा, म्हणजे बांध, नव्वद. मध्ये हरभरा असला तरी माप पऱ्हाटीचंच. मी आयुष्यभर पोरांना एककं शिकवली, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा!

त्यात काकूच्या साड्या. डुकरं बिचकावीत म्हणून तिने हरभऱ्याभोवती आपल्या जुन्या साड्या बांधल्या होत्या. आमच्याकडे बहुतेक जण बांधतात. मी बाभळीवर नेम धरून बटण दाबलं, आकडा आला एकोणचाळीस. धुऱ्यावर धरला, एकोणचाळीस. लेझर अलीकडच्या फडफडत्या साडीवर आपटून परत येत होता. एवढं परदेशी यंत्र, आणि त्याला काकूच्या जांभळ्या साडीपलीकडे काही कळेना.

"काकू, समोरच्या दोन साड्या तरी काढ ना," मी रोज तिच्या मागे लागायचो.

"तुह्या मशीननं एक तरी डुक्कर मारलं का? माह्या साड्या रोज राखण करून राहिल्या," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

या सगळ्यावर कडी म्हणजे काकांची हाळी. गोळी झाडण्याआधी एकदा मोठ्याने हाळी द्यायचीच, असा त्यांचा नियम. धुऱ्यावर गवताला आलेल्या बाया असतात, बकऱ्यावाला असतो, त्यांना कळलं पाहिजे. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. चौदाव्या दिवशी सकाळी वारा पडला होता, साड्या गप होत्या, तीन डुकरं अगदी समोर आली आणि मी बटणावर बोट ठेवलं, तोच काका ओरडले, "होऽऽ हो!" डुकरं क्षणात पसार झाली.

माझं डोकंच फिरलं. "सांगून मारता का कोणाले, काका? उद्या शेवटचा दिवस हाय. उद्या हाळी द्याची नाही. तुमाले माही शपथ हाय."

काकांनी नुसती रायफल खांद्याला अडकवली. मी ती कबुली समजलो.

शेवटच्या दिवशी उजाडताना शेतावर धुकं होतं. पलीकडच्या धुऱ्याशी काहीतरी काळं, वाकलेलं, माती उकरत असल्यासारखं हलत होतं. मी बटण दाबलं. एकशे दहा. पुन्हा दाबलं. एकशे दहा! पंधरा दिवसांत पहिल्यांदा यंत्र बरोबर बोललं होतं. आनंदाने मी काकांचा खांदाच हलवला.

"आकडा आला, काका. मारा!"

काकांनी दुर्बिणीला डोळा लावला. "काळं दिसते काहीतरी. नव्वद तासं असन."

"डुक्करच हाय. मारा ना!"

त्यांचं बोट चापावर गेलं. मग त्यांनी मान वर केली आणि छाती भरून हाळी दिली, "होऽऽ हो!"

माझ्या तोंडून शिवी निघाली. काकांना, सख्ख्या काकांना.

धुऱ्यावरचं डुक्कर उभं राहिलं. त्याने डोक्यावरची घोंगडी मागे सारली आणि हात वर केला.

"काय जीऽ?" काकूचा आवाज आला. "साडी बांधून राहिलीऽ! आलीच!"

काकांनी बोट काढलं. रायफल रिकामी करताना त्यांच्या हातून गोळी दोनदा निसटली.

"मले दिसत नाही रे," ते हळूच म्हणाले. "दोन सालापासून दिसत नाही. म्हणून तं हाळी देतो."

मला दिसत होतं. दहापट मोठं दिसत होतं. पण मी बघत होतो फक्त आकडा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काकांकडे न बघताच मी मचाणावरून उतरलो.

तेवढ्यात काकू हरभऱ्यातून चालत आमच्यापर्यंत आली. घोंगडी दवाने ओली झाली होती. "रोज रोज डोकं खात होता माहं," ती मला म्हणाली. "म्हणून समोरच्या दोन साड्या सोडल्या अन् तिकडं धुऱ्यावर बांधल्या. आता तं बरोबर दाखवते ना तुहं मशीन?"

काका माझ्याकडे बघत होते. नव्वद तासं, चार-चार फुटांची. सवयीने मी मनातल्या मनात हिशेब केला. एकशे दहा मीटरच येतात.

"दाखवते, काकू," मी म्हणालो. "एकदम बरोबर दाखवते."