शेजारचा दहीभात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच तर माफ करावं.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला सुया लावायचे, घरी गोळ्या असायच्या. केस गेले, तोंड सुजलं, आणि गोळ्यांनी भूक अशी लागायची की जेवून उठली की पुन्हा ताटाजवळ. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या अंगात आता कशाशी लढायची ताकद नाही, आजारी माणसाजवळ नेऊ नका. ते आम्ही पाळत होतो.

शेजारणीच्या मुलाला कांजण्या आल्या. आमच्याकडे त्याला आजार म्हणत नाहीत, माता आली म्हणतात. दाराला कडुनिंब लावतात, मातामायच्या, म्हणजे देवीच्या, ठाण्यावर थंड पाणी घालतात आणि वस्तीतल्या लेकरांना दहीभात खाऊ घालतात. मी नळावर गेले होते. सासूबाई मुलीला घेऊन शेजारणीकडे गेल्या. त्या मुलाच्या अंगावर अजून ओले फोड होते आणि माझी मुलगी त्याच्या बाजूला बसून जेवली.

"काहून नेलं तिले?" सासूबाईंना मी कधी उलटून बोलले नव्हते.

"भुकेली होती वं पोरगी. अन् मातामायचा परसाद कोणाले बाधते का?"

डॉक्टरांशी नेहमी आमचे हे बोलायचे, मी मागे उभी राहायची. त्या दिवशी ते मिलमध्ये ड्युटीवर होते. मी एकटीच मुलीला कडेवर घेऊन निघाले. डॉक्टरांना कसंतरी सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाई, आजच आलात ते बरं केलं," ते म्हणाले. "हिला कांजण्या जोरात आल्या तर वाचवणं कठीण आहे."

एक महागडं इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं. शेजारणीला ते कळलं. तिची भिशी नुकतीच लागली होती, ती तिने सगळी माझ्या हातात ठेवली.

इंजेक्शन दिल्यावर मी रोज सकाळी मुलीला खिडकीपाशी उघडी करून पाठ, पोट, काखा बघायची. डास चावल्याचं दिसलं तरी बोट फिरवून पुन्हा पुन्हा बघायची. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. एका सकाळी मानेवर दोन फोड दिसले. दवाखान्यात ठेवून घेतलं. मी खाटेखाली बसून राहिले, फोड वाढले का ते बघायची हिंमत होत नव्हती. ते वाढले नाहीत, सुकले.

पुढे मी ब्लाउजांना हुक-काज करून शेजारणीला तिच्या भिशीचे पैसे थोडे थोडे देत गेले. मुलीचा इलाज संपून गोळ्या बंद झाल्या त्या उन्हाळ्यात शेवटचे तीस रुपये नेऊन दिले. शेजारीण म्हणाली, राहू दे. मी ऐकलं नाही. पैसे पूर्ण फिटले.