विमानाचं पेट्रोल, हात लावू नये

आमचे कॅप्टन माणसाला आधी वजनानं ओळखत, नावानं नंतर. कारखान्यावर पाहुणा आला की नमस्कार करता करता ते मनात आकडा लावत. "बायका पाच किलो कमी सांगतात, पुढारी धा," असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा त्या सहकारी साखर कारखान्यात टायपिस्ट होते आणि यावर सगळ्यांत मोठ्यानं हसत असे.

कारखान्यामागं मुरमाची आखूड धावपट्टी होती आणि चार आसनांचं एक विमान. विमानाची हौस चेअरमनसाहेबांची, चालवायचं काम कॅप्टनचं. ते मूळचे धारूरचे. विमान चालवायला हैदराबादेत शिकलेले, पण बोलणं धारूरचंच राहिलेलं.

त्यांची खाकी पिशवी कधी बदलली नाही. नकाशा, बॅटरी, जादा चष्मा, दोन पेनं, शिट्टी, सुताचा दोर, गूळ-शेंगदाणे, एक छोटा आरसा आणि रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बाटली. बाटलीचं काम मी एकदा विचारलं, पुन्हा नाही. सामानाची यादी मीच टाइप करून दिली होती, त्यामुळं पिशवीवर आपला हक्क आहे असं मला वाटू लागलं. एकदा मी ती नीट आवरली आणि आरसा काढून टाकला. या वयात कसला नखरा, असं मला वाटलं होतं. कॅप्टननी तो माझ्या टेबलावरून उचलला. "ताई, कुठं माळावर उतरायची पाळी आली तर ह्यात ऊन धरून लोकास्नी दाखवायचं आसतं. थोबाड बघाया मला घरी आरसा हाय."

पिशवीत एक काचेची नळीही असे. रोज सकाळी ते टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल नळीत काढून उजेडात धरत. पेट्रोलमध्ये पाणी उतरलं तर इंजिन हवेत बंद पडतं. "समदा जिल्हा पाणी हुडकतोय," ते म्हणत, "आन् मी एकटा पाणी नसावं म्हणून हुडकतोय." त्या वर्षी आमच्याकडं टँकर आठवड्यातून एकदा येई.

दुष्काळानं ऊस जळाला होता. कारखाना बंद पडणार हे शिपायालाही कळलं होतं, आणि तो पडला की मला घाटनांदूरला भावाच्या घरी जाऊन बसायचं होतं. अशात पुण्याच्या एका बँकेचं मुलाखतीचं पत्र आलं. टपालखात्यानं ते मुलाखतीच्याच दिवशी सकाळी दिलं. मुलाखत दुपारी चारला. एसटीनं पोचेपर्यंत रात्र झाली असती. साहेब बारा वाजता विमानानं पुण्याला निघणार होते. म्हणाले, "चल की. मागचं शीट मोकळं हाय."

मी बॅग भरली. त्या वर्षी आमच्याकडं पाहुणा आपलं पाणी आपण नेत असे. दारात आधी कॅन ठेवायचा, मग चपला काढायच्या. पुण्यात मावशीकडं राहायचं होतं. तिच्या नळाला दोन्ही वेळ पाणी येतं हे मला ठाऊक होतं. तरी मी पाच लिटरचा कॅन भरला आणि साडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी दडवला.

धावपट्टीवर कॅप्टन वही घेऊन उभे होते. "वजन?"

"बावन्न."

त्यांनी मान वर केली नाही. पोती तोलायच्या काट्याकडं बोट केलं. काटा त्रेसष्टवर थांबला. मग बॅग चढली. मग बॅग उघडली.

"पुण्याला पाणी, ताई?"

मी साडीची घडी घालू लागले.

कॅप्टननी आकडे मांडले. उन्हानं हवा पातळ झालेली, म्हणजे विमान उशिरा उचलणार, पट्टी आखूड, पुढं कोरडा तलाव. पंधरा किलो जास्त होते. पाच माझ्या कॅनचे. उरलेले दहा म्हणजे साहेबांची साखरेची पिशवी. पुण्यात कुणाकडंही गेले तरी साहेब साखर घेऊनच जात.

"साहेब, साखर उतरवा."

"कावून? ही टायपिस्ट उतरव की. उद्या जाईल एसटीनं."

"साखरेची मुलाखत न्हाई आज," कॅप्टन म्हणाले. "आन् साखर उतरंना तर मी उतरतो. तुमी चालवा."

साहेब पोट हलवत हसले, "लई माजलास बे," म्हणाले आणि पिशवी उतरवली. माझा कॅनही खालीच राहिला. माझ्या बावन्नबद्दल कॅप्टन अवाक्षर बोलले नाहीत. चाकं सुटली तेव्हा तलावाचा बांध इतका जवळ होता की त्यावरची शेळी मला ओळखता आली असती.

मुलाखत झाली. दोन दिवसांनी त्याच विमानानं मी परतले. कॅन धावपट्टीच्या कडेला, राखणदाराच्या झोपडीच्या सावलीत होता. काठोकाठ. त्या दुष्काळात! जवळ गेले तेव्हा त्यावर चिकटवलेला कागद दिसला. कॅप्टनचं अक्षर होतं: 'विमानाचं पेट्रोल, हात लावू नये.'

कॅप्टननी झाकण काढलं, नळीत थोडं घेतलं, उजेडात धरलं. "समदं पाणीच हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "पास."

नोकरी मिळाली. कारखाना बंद पडला, विमान विकलं गेलं, आणि कॅप्टन गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. त्यांना मी नीट धन्यवादही दिले नव्हते. अजून कुठंही निघायच्या आधी मी बॅग काट्यावर ठेवते, मग स्वतः उभी राहते, आणि खरा आकडा वहीत लिहिते. कुणी तोंडी विचारलं तर मात्र अकरा किलो कमीच सांगते.