नवीन प्रोजेक्टची जिलबी

तुमचं नाव तुमच्या डोळ्यांदेखत कोणी पुसून टाकलं आणि त्याच हातानं तुमच्यापुढे जिलबीचा डबा धरला, तर तुम्ही काय कराल? चटकन उत्तर देऊ नका. आमच्या ऑफिसातले सगळेच स्वाभिमानी होते, आणि डब्यात जिलबी कधी उरली नाही.

डबा धरणारे आमचे सर. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये, एका चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती. कामाला आम्ही मूठभर पोरं-पोरी. ऑफिसात हिंदीच चालायची. मराठी घरातली मी एकटी, म्हणून सर माझ्याशी तेवढे मराठीत बोलायचे आणि हा आपला मोठा उपकार आहे असं समजायचे.

नवीन प्रोजेक्ट उघडायचा असला की सर खिशातून घडीचा रुमाल काढायचे. आधी चष्मा पुसायचे, मग माउस, मग स्वतःची बोटं, एकेक करून. "चलो, साफ-सुथरं काम करू," म्हणायचे. प्रोजेक्टला नाव ठेवायला त्यांना बारशाइतका वेळ लागे, पण वर्णनाच्या चौकटीत दर वेळी एकच मजकूर: नवी सुरुवात. प्रोजेक्ट उघडायचं बटण दुसऱ्या कोणी दाबलेलं त्यांना खपत नसे. दाबून झालं की खव्याची जिलबी यायची, काळसर, पाकानं जड झालेली.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा कोड ज्या संकेतस्थळावर ठेवतात, तिथं प्रत्येक ओळीशी ती लिहिणाऱ्याचं नाव जोडलेलं राहतं. माझे बाबा कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं काढायचे आणि तळाशी छापणाऱ्याचं नाव नसलेलं पत्रक आम्हाला वाटू द्यायचे नाहीत. तसंच हे. प्रोजेक्ट हलवायचाच असेल तर सगळ्या नावांसकट हलवता येतो. पण कोणी नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडला आणि जुन्याच्या फाइली त्यात ओतल्या, की सगळ्या ओळी ओतणाऱ्याच्या नावावर चढतात. आमचे सर नेहमी ओतायचे.

आमच्यात एक दीदी होती, जबलपूरजवळच्या कुंडम गावची. शहपुऱ्याच्या मंडीसाठी तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. मटाराच्या हंगामात मंडीबाहेर शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. माणसं थंडीत ट्रॉलीवरच झोपतात, उठून बघतात तर कोणीतरी पुढे घुसलेला, मग मारामाऱ्या. दीदी शाल गुंडाळून त्या रांगेत जाऊन बसायची, लोक काय करतात ते बघायची, परत येऊन लिहायची. शेवटी लोकांना फोनवर नंबर मिळू लागला आणि भांडणं थांबली. कामाची सुरुवात सरांनी रुमाल काढून केली होती. पुढचं सगळं दीदीचं.

मंडीवाले खूष झाले, त्या आठवड्यात सरांनी पुन्हा रुमाल काढला. जुना प्रोजेक्ट बंद झाला, नवा उघडला, फाइली ओतल्या गेल्या. दीदी पडद्याकडे बघत होती. प्रत्येक ओळीशी सरांचं नाव. तिनं फार हळू विचारलं, "सर, मेरा नाम?"

"अरे बेटा, पूरी कंपनी तुम्हारी है," सर म्हणाले आणि डबा तिच्यापुढे केला. मग माझ्याकडे वळले. "तू काहून तोंड पाडून राहिली? घे, गरम आहे."

दीदीनं जिलबी घेतली नाही. सरांनी ती स्वतः तिच्या टेबलावर कागदात ठेवली. दुपारपर्यंत जिलबीला मुंग्या लागल्या.

पुण्याच्या एका कंपनीत दीदीची मुलाखत व्हायची होती. तिला ती नोकरी हवी होती, कारण घरचे तिचं लग्न ठरवून मोकळे होणार होते आणि नोकरी लागली तरच थांबणार होते. प्रोजेक्ट सरांनी सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता, गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून. मुलाखत घेणाऱ्यांनी तो तिच्यासमोरच उघडला आणि सभ्यपणे विचारलं, यातलं तुमचं कोणतं? ती म्हणाली, सगळं. ते हसले नाहीत. नुसते पुढच्या प्रश्नाकडे गेले.

तिनं सरांकडे एक ओळ मागितली, हे काम हिनं केलं एवढीच. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि काम हे कुटुंबाचं असतं यावर प्रेमानं बोलले. ओळ दिली नाही. दीदीचं लग्न झालं. आता कुंडममध्ये सासरच्या दुकानात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. ते फॉर्म ज्याचे त्याच्या नावानंच जातात, असं ती मला एकदा फोनवर म्हणाली.

मग इंदूरच्या लोकांनी आमची कंपनी घेतली. त्यांच्या पोरांनी पहिल्याच सकाळी नवीन प्रोजेक्ट उघडला आणि सगळं त्यात ओतलं. रुमालही काढला नाही, जिलबी तर दूरच. सरांचं नाव जेवणाच्या सुटीआधी गेलं, खुर्ची नंतर.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. ते नागपूरला मुलीकडे राहत होते. तिथल्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं, पण कॉलेजवाले केलेलं काम दाखवा म्हणत होते. "तू जुनं बघून राहिली ना?" त्यांनी विचारलं. "माझं नाव कुठं सापडते का, पाह्य बरं."

जुने, बंद केलेले प्रोजेक्ट निवडून काढण्याचं काम इंदूरवाल्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. मंडीचा पहिला प्रोजेक्ट तिथंच पडून होता. सरांनी तो पुसला नव्हता, फक्त इतरांना दिसणार नाही असा बंद केला होता. कोणी कधी काय लिहिलं त्या नोंदींची यादी मी उघडली. दीदी, दीदी, दीदी. खाली जात राहिले. फोनवर सरांचा श्वास ऐकू येत होता. मला घाई नव्हती. अगदी तळाशी पोहोचले.

"आहे, सर. एकच नोंद. पहिल्या दिवसाची. नवी सुरुवात, एवढंच लिहिलंय. फाइल रिकामी आहे."

हा माणूस मला आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. पण मग ते म्हणाले, "तेवढं तरी पाठव, बेटा."

मी पाठवलं. सगळं पान पाठवलं, वर दीदीच्या नावांची चळत आणि तळाशी ते. त्यांचं उत्तर आलं नाही. तेच पान दीदीलाही पाठवलं. तिचं आलं: "अब किसको दिखाऊँ?"

इंदूरवाल्यांना जुनं सगळं पुसून हवं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हीही उद्या कुठंतरी नवीन प्रोजेक्ट उघडाल. बटण दाबण्याआधी जुनी यादी तळापर्यंत वाचा. जी नावं भेटतील ती नव्याच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्या माणसांना आजच फोन करून सांगा की लिहिली आहेत. जिलबी नंतर आणा.